आयत्या वेळची दिशा

मल्हार देवस्थळीला धडक बसली तेव्हा तो भलतीकडे बघत होता. चेंडू मैदानाच्या दुसऱ्या टोकाला गेला होता, तिथे त्याच्या संघाने गुण मिळवले होते आणि टोलीडोचं अख्खं स्टेडियम उभं राहून ओरडत होतं. मल्हारकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. लक्ष होतं ते फक्त त्याच्या थोरल्या बहिणीचं, कारण ऋता चेंडूकडे कधी बघतच नसे. ती तिथल्याच विद्यापीठात मानेच्या स्नायूंवर संशोधन करत होती, आणि भाऊ हा खेळ खेळायला लागल्यापासून तिची नजर त्याच्या मानेवर असायची.

धडक आडवी होती. मल्हारचं डोकं हेल्मेटसकट गर्रकन फिरलं. तो पडला, उठला, हात वर करून ठीक असल्याची खूण केली आणि पुन्हा रांगेत जाऊन उभा राहिला.

शेजारी बसलेल्या आईने विचारलं, "लागलं का गं त्याला?"

कळत नाही, असं ऋता म्हणाली. पण एक गोष्ट तिला कळली होती. धडक येतेय हे मल्हारला ठाऊकच नव्हतं. आणि मल्हारच्या बाबतीत असं कधी होत नसे.

अमेरिकन फुटबॉलमध्ये चढाई करणाऱ्या संघाचे अकरा जण मैदानात असतात आणि प्रत्येकाचं काम ठरलेलं असतं. एकाने चेंडू फेकायचा, एखाद्याने तो पोटाशी घट्ट धरून मुसंडी मारायची, काहींनी लांब पळत जाऊन झेलायचा आणि उरलेल्या धिप्पाड गड्यांनी समोरच्यांना अडवून धरायचं. चेंडू फेकणं सोडलं तर मल्हारला यातलं सगळं यायचं. चिपळूणच्या कॉलेजात आई कबड्डी खेळलेली होती, पुढे तिथल्याच शाळेत तिने शिकवलंही होतं. तिला हा खेळ नीट कधी समजला नाही, पण आपला मुलगा काय आहे ते बरोबर समजलं होतं. ती म्हणायची, हा पाय मारेल की हात लावेल की उडी घेऊन पलीकडे जाईल हे न कळणारा चढाईवाला आहे.

अशा खेळाडूचा सगळ्यात चांगला उपयोग कसा करायचा, हा व्यावसायिक फुटबॉलमधला जुना वाद आहे. काही प्रशिक्षक म्हणतात, त्याला एका जागी पक्का करा, नाहीतर तो सगळ्यातच मध्यम राहतो. काही म्हणतात, दर डावाला त्याची जागा बदला, म्हणजे प्रतिस्पर्धी गोंधळतात. टोलीडो हेरन्स या मल्हारच्या क्लबचे मुख्य प्रशिक्षक डेल हचिन्स यांचं मत तिसरंच होतं. ज्या जागेवरून त्याला सगळं मैदान दिसतं तिथे त्याला उभं करा, आणि पुढचं त्याचं त्याला ठरवू द्या. चेंडू खेळात येतो त्या क्षणाला स्नॅप म्हणतात. स्नॅप झाला की मल्हार समोरच्यांचे खांदे आणि गुडघे वाचायचा आणि दोन पावलांत ठरवायचा, की अडवायचं, पळायचं की झेलायला जायचं. हचिन्स त्याला 'वाचणारा' म्हणत. त्यांच्या तोंडी याहून मोठी स्तुती नव्हती.

मग क्लबने प्रिझम नावाचं यंत्र आणलं.

प्रिझममागचं विज्ञान साधं होतं. समोर एकच शक्यता असली तर माणूस झटकन हालचाल करतो. चार शक्यता असल्या तर त्याच माणसाला जास्त वेळ लागतो. हा जास्तीचा वेळ म्हणजे डोळ्याची पापणी लवण्याइतका, पण फुटबॉलमध्ये तेवढ्यात माणूस दीड-दोन पावलं पुढे निघून जातो. मल्हारसारखा हरहुन्नरी खेळाडू मैदानात असला की बचाव करणाऱ्यांना हा उशीर होतो, हे सगळ्यांना अंदाजाने ठाऊक होतं. प्रिझमने तो मोजला. स्टेडियमभर लावलेले कॅमेरे प्रत्येक बचावपटूचं वजन कोणत्या पायावर आहे ते टिपत आणि तो कोणत्या बाजूला वळायला सगळ्यात जास्त उशीर लावेल याचं गणित प्रिझम स्नॅपनंतरच्या पहिल्या क्षणात करत असे. ते उत्तर मल्हारपर्यंत पोचायचं गळ्याभोवतीच्या एका पातळ पट्ट्यातून. डाव्या खांद्यावर थरथर झाली की डावीकडे, उजव्यावर झाली की उजवीकडे, छातीवर झाली की अडव. बोललेले शब्द ऐकून समजेपर्यंत उशीर होतो, त्वचेला झालेला स्पर्श लगेच कळतो. स्नॅपनंतर खेळाडूला बाहेरून काही सांगायला लीगची तोवर बंदी होती. त्या हंगामात तिने ती प्रयोग म्हणून उठवली.

काही सामन्यांतच प्रिझमला आणखी एक गोष्ट सापडली. खेळाडूने मनात काही ठरवलेलं असलं, की त्याचं शरीर आधीच चुगली करतं. नजर हलते, खांदा झुकतो, आणि कसलेले बचावपटू ते हेरतात. मल्हारचं काहीच ठरलेलं नसलं तर हेरायला काही उरतच नाही. जुन्या वादाचं प्रिझमने दिलेलं उत्तर असं होतं: हरहुन्नरी खेळाडूचा सगळ्यात चांगला उपयोग करायचा असेल तर त्याला शेवटपर्यंत काही कळू देऊ नका.

हेरन्स जिंकत सुटले. मल्हारचं चित्र शहरातल्या बसगाड्यांवर झळकलं. बहुतेक डावांत चेंडू त्याच्याकडे येतच नसे. तो एका बाजूला झेपावला की बचाव फाटायचा आणि चेंडू दुसरीकडून पुढे जायचा. त्याची त्याला तक्रार नव्हती.

रविवारी सामना नसला की तो आईकडे जेवायला यायचा. अशाच एका सकाळी आईने विचारलं, घावन करू की थालीपीठ लावू? मल्हार ओट्याशी उभा होता. तो आईकडे बघत राहिला, कुणीतरी पुढचं सांगेल अशी वाट बघत असल्यासारखा. मग भानावर येऊन हसला आणि म्हणाला, तूच ठरव. आईही हसली. ऋता हसली नाही.

त्याच दिवशी तिने त्याच्याकडे पट्ट्यातल्या नोंदी मागितल्या. खेळाडू किती दमलाय ते कळावं म्हणून पट्टा मानेच्या स्नायूंमधले विद्युतसंकेतही टिपत असे, आणि लीगच्या नियमाप्रमाणे स्वतःच्या शरीराच्या नोंदींवर खेळाडूचाही हक्क होता. मल्हारने फार विचार न करता त्या दिल्या.

ऋताला जे दिसलं ते समजायला तिच्यासारखं शिक्षण लागत नव्हतं. डोकं म्हणजे लवचीक देठावरचं जड फळ. धडक येतेय हे कळलं की माणूस मान ताठ करतो, त्यामुळे डोकं आणि धड एकजीव होतात आणि तडाखा सगळ्या अंगावर वाटला जातो. मान ढिली असली तर तो सगळा डोक्यावर येतो आणि डोकं गरकन फिरतं. पातेलं झटक्यात फिरवलं की आतलं दही मागे राहतं आणि त्याला चिरा पडतात, तसंच मेंदूचं होतं. जुन्या सामन्यांत मल्हारची मान धडकेच्या आधी ताठ झालेली होती. प्रिझम आल्यापासून ती धडकेनंतर ताठ होत होती. दर वेळी.

क्लब मात्र सांगत होता, की प्रिझममुळे मल्हारला बसणाऱ्या जोरदार धडका कमी झाल्या आहेत. तेही खरं होतं. क्लब समोरून बसलेला जोर मोजत होता. डोकं किती फिरलं ते कुणी मोजतच नव्हतं.

आपल्या हाती मोठी गोष्ट लागली आहे आणि ती कळताच क्लब हादरून जाईल, असं ऋताला वाटलं होतं. प्रिझमचा प्रमुख कॉनरॅड प्राइस याने तिला आदराने बसवलं, कॉफी दिली आणि तिचे आलेख शांतपणे पाहिले. ती थांबल्यावर तो म्हणाला, की अभ्यास चांगला झालाय, पण यात आम्हाला नवीन काही नाही.

ऋताने विचारलं, नवीन नाही म्हणजे काय.

"मान ताठ होते ना, तीच तर चुगली होती," प्राइस म्हणाला. "खांदा आणि नजर नंतरच्या गोष्टी. कोणत्या बाजूने धडक यावी अशी खेळाडूची अपेक्षा आहे ते मानेवरून सगळ्यात आधी कळतं. बचाववाले तेच वाचत होते, फक्त त्यांना स्वतःलाही ते ठाऊक नव्हतं. आम्ही संकेत थोडा आधी देऊन पाहिला. मान ताठ व्हायला वेळ मिळाला, आणि सगळा फायदा गेला."

तो हे एखाद्या चांगल्या विद्यार्थिनीला समजावून सांगावं तशा मायेने सांगत होता. म्हणजे मान ढिली राहणं ही चुकून राहिलेली त्रुटी नव्हती. यंत्राने ती शोधून काढली होती आणि माणसांनी, समजून उमजून, ती तशीच ठेवली होती. माझ्या भावाला हे सांगितलंत का, असं ऋताने विचारलं. प्राइस म्हणाला, की ते सांगितलं तर तो मान ताठ करायला लागेल.

ऋता कॉफी तशीच ठेवून उठली. तिला स्वतःचाही राग आला होता, की त्या खोलीत आपल्याला नीट ओरडताही आलं नाही.

मल्हारला तिने सगळं सांगितलं. तो तिच्या बाजूने उभा राहील असं तिने गृहीत धरलं होतं. तो चिडला, पण प्राइसवर नाही. शाळेपासून मला सगळे 'कुठेही चालेल' म्हणत आले, असं तो म्हणाला. कुठेही चालेल म्हणजे दर हंगामाच्या शेवटी ज्याला सगळ्यात आधी काढता येईल तो. पहिल्यांदाच एखादा संघ माझ्याभोवती बांधला गेलाय आणि नेमकं तेव्हाच तुला माझी मान दिसली. ऋता म्हणाली, मला पहिल्या दिवसापासून तुझी मानच दिसते. त्यावर तो जे बोलला ते तिला लागलं.

"ताई, तुला पेपर लिहायचाय. दुसऱ्या कुणाच्या मानेवर लिही."

त्यानंतर ती दोघं बरेच आठवडे बोलली नाहीत. आई दोघांना वेगवेगळं जेवायला बोलावत राहिली आणि काही विचारलं नाही.

मल्हारचं मन फिरवलं ते सरावातल्या एका सकाळने. प्रिझमची जुळणी चालू असल्यामुळे पट्टा बंद होता. हचिन्स म्हणाले, बरंच झालं, आज जुन्या पद्धतीने खेळू. मल्हार आपल्या जागी उभा राहिला. स्नॅप झाला. समोरची माणसं हलली आणि मल्हार उभाच राहिला. सगळे धावत असताना तो मधोमध, खांद्यावर थरथर होण्याची वाट बघत. हचिन्सनी पुन्हा तोच डाव लावला. या वेळी तो पळाला, पण सरळ बचावाच्या गर्दीत. समोर फट होती. तो आधी ती न बघताही ओळखायचा, आता बघूनही ती दिसत नव्हती.

इतर खेळाडू आधी हसले, मग हसायचे थांबले. हचिन्सनी शिट्टी वाजवून सराव थांबवला आणि ते त्याच्यापाशी आले. गेल्या उन्हाळ्यापासून ते मालकांच्या हुकमाप्रमाणे प्रिझम वापरत होते आणि ते आवडत नाही हे उघडपणे कधी बोलले नव्हते. तेव्हाही ते थोडंच बोलले. मी तुला वाचायला शिकवलं नव्हतं, असं ते म्हणाले, ते तू घेऊनच आला होतास. माझ्या डोळ्यांदेखत ते गेलं आणि मी गप्प बसलो.

मल्हार घरी गेला नाही, थेट विद्यापीठात ऋताकडे गेला. मानेबद्दल तो काही बोलला नाही. माझं वाचणं गेलं, एवढंच म्हणाला. लहानपणी सायकल चोरीला गेली तेव्हाही तो असाच दारात उभा राहिला होता. ऋताने त्याला बसवलं. गेलेलं नाही, झोपलंय, असं ती म्हणाली. हे सांगायला तिच्याकडे पुरेसा आधार नव्हता, आणि ते तिला माहीत होतं.

त्यानंतरचा सामना बाद फेरीचा होता. सामन्याच्या दिवशी मल्हारने हचिन्सना सांगितलं, की मी पट्टा घालणार नाही. पट्टा हा गणवेशाचा भाग असून तो न घालणाऱ्याला मैदानात उतरवू नये, अशी क्लबची लेखी ताकीद होती. हचिन्सनी त्याला पट्ट्याशिवाय उतरवलं.

सुरुवातीला तो अगदी वाईट खेळला. दोनदा चुकीच्या माणसाला अडवायला गेला, एक सोपा झेल हातातून सुटला. प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. समोरच्या संघात टेरेल ओक्स नावाचा नामांकित बचावपटू होता, धडकेसाठीच प्रसिद्ध असलेला आणि त्या हंगामात मल्हारला याआधीही भिडलेला. त्याने मल्हारला तीनदा आडवं केलं. पण तिसऱ्या वेळी मल्हारला तो येताना दिसला होता. मान आपोआप खांद्यांत शिरली, दात आवळले गेले आणि तडाखा सगळ्या अंगावर आला. त्याला हात देऊन उठवताना ओक्स म्हणाला, की आज तू बघतोयस.

उत्तरार्धात मल्हारला फटी दिसू लागल्या. सगळ्या नाही. एका डावात त्याला ओक्सचा डावा गुडघा वळलेला दिसला आणि तो त्याच्या उजवीकडून निसटून बराच पुढे गेला. ऋता तेव्हा उभी राहून ओरडत होती आणि आई तिला खाली बस म्हणत होती. हेरन्स थोडक्यात हरले. दुसऱ्याच दिवशी क्लबने हचिन्सना काढून टाकलं आणि मल्हारला मोकळं केलं. पराभव एका खेळाडूच्या बेशिस्तीमुळे झाला, असं क्लबच्या निवेदनात म्हटलं होतं.

खेळाडूंच्या संघटनेने ऋताचे निष्कर्ष लीगपुढे मांडले आणि लीगने चौकशी समिती नेमली. सुनावणी न्यूयॉर्कमधल्या एका काचेच्या इमारतीत झाली. प्राइस पहिला बोलला. त्या हंगामातले प्रिझमसह झालेले सामने आणि प्रिझमशिवाय झालेला एकमेव सामना त्याने शेजारी शेजारी मांडले. पहिले जिंकलेले, दुसरा हरलेला. अशा खेळाडूचा सर्वोत्तम उपयोग कसा करावा याचं हे निर्विवाद उत्तर आहे, असं तो म्हणाला. समितीतले काही जण माना डोलवत होते. ऋता बोलायला उठली तेव्हा तिला दोनदा अडवून विचारण्यात आलं, की आपण खेळाडूच्या सख्ख्या बहीण आहात ना. मान ताठ होऊ द्यायची नाही हे प्राइस स्वतः बोलला होता, असं तिने सांगितलं. त्या बैठकीची कसलीही नोंद नाही, असं क्लबच्या वकिलाने उत्तर दिलं. प्राइस तिच्याकडे बघत होता, त्या दिवसाइतक्याच मायेने.

मग अध्यक्षबाईंनी मल्हारला त्याचं म्हणणं विचारलं. तो मोठा वक्ता नव्हता.

"मला कुठे उभं करायचं ते संघाने ठरवावं, तो त्यांचा हक्क आहे," तो म्हणाला. "पण धडक माझ्या अंगावर येणार असेल, तर ती येतेय हे मला कळायला हवं."

सवय झाली की तेही कळेल, हा सरावाचा प्रश्न आहे, असं वकील म्हणाला. सुनावणी संपायला आली होती. तेवढ्यात मागच्या रांगेतून टेरेल ओक्स उठला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. तो आपल्या खर्चाने आला होता. त्याचा क्लबही पुढच्या हंगामात प्रिझम घेणार होता आणि सुनावणीला जाऊ नकोस असं त्याला बजावण्यात आलं होतं.

"लोकांना धडक मारणं हेच माझं काम आहे," तो म्हणाला. "मी त्याची माफी मागत नाही. पण समोरचाही तयार असतो, म्हणून तो खेळ आहे. पट्टा घातलेल्या या मल्हारला धडक मारताना मला कळायचं, की याला मी दिसलोच नाहीये. आमच्या संघात सगळ्यांना कळायचं. आंधळ्याला ढकलल्यासारखं वाटायचं. मी हे लेखी द्यायला तयार आहे, आणि माझ्या संघातले आणखी सहा जणही."

प्राइसच्या यंत्राने बचावपटूचे गुडघे मोजले होते, पाय मोजले होते. त्याला काय वाटतं हे मोजायचं कुणाला सुचलं नव्हतं.

पुढच्या हंगामापासून स्नॅपनंतरचे सगळे संकेत बंद झाले. नियम दोन ओळींचा होता. निर्णय जाहीर झाला त्या दिवशी हेरन्सने निवेदन काढलं, की खेळाडूंच्या सुरक्षिततेसाठी आपला क्लब नेहमीच आग्रही राहिला आहे आणि या महत्त्वाच्या बदलासाठी लागणारी माहिती आपल्याच तंत्रज्ञानातून मिळाली याचा अभिमान वाटतो. लीगने सुरक्षिततेसाठी नवा विभाग काढला आणि त्याचा प्रमुख म्हणून कॉनरॅड प्राइसची नेमणूक केली. ऋताने ती बातमी आईला वाचून दाखवली. तिचा आवाज इतका चढला की शेजारीण कुंपणापाशी येऊन सगळं ठीक आहे ना विचारून गेली.

मल्हारला कुठल्याही क्लबने बोलावलं नाही. हचिन्सना एका छोट्या कॉलेजात काम मिळालं आणि त्यांनी मल्हारला मदतीला घेतलं. तिथल्या मुलांना तो समोरच्याचे गुडघे वाचायला शिकवतो. त्या धडकांपासून त्याला अधूनमधून डोकेदुखी होते. ती कायमची जाईल की नाही, हे ऋताला सांगता येत नाही.

त्या वसंतात त्याला प्राइसच्या नव्या कार्यालयातून फोन आला. नव्या नियमाला 'देवस्थळी नियम' असं नाव द्यायचं ठरलंय, छोटासा समारंभ आहे, छायाचित्रासाठी तुम्ही आणि तुमच्या बहिणीने यावं, अशी प्राइसची इच्छा आहे. फोनवरचा तरुण फार अदबीने बोलत होता. ऋता तिथेच होती. ती खुणेने नाही, नाही म्हणत होती. मल्हारने फोन ठेवला नाही.

"येतो," तो म्हणाला. "नावही द्या. फक्त नियमाच्या खाली एक ओळ छापा. क्लबला हे आधीपासून माहीत होतं, एवढीच."

तो तरुण म्हणाला, की वकिलांना विचारून उलट फोन करतो.

उलट फोन आला नाही. नियम छापून आला तो बिननावाचा, लीगच्या नियमपुस्तकात शेवटून दुसऱ्या पानावर. ऋताचा राग अजून गेलेला नाही. तो जावा असं तिला वाटतही नाही. आईने मात्र त्या पुस्तकातून ते पान कापून घेतलं आणि नियमाच्या दोन ओळींखाली, मुलाने सांगितलेली तिसरी ओळ, आपल्या जुन्या मास्तरीणबाईच्या अक्षरात मराठीत लिहून ठेवली.